न्यूटाऊनमध्ये रॉबर्ट ओवेन सोडून काय आहे?

वर विचारलंय ना की वेल्समधल्या न्यूटाऊनला समाजसुधारक ओवेनचं थडगं सोडून काय बघायचं, तर अहो स्टेशनच्या बाहेर पडलात की ती लाल विटांची अवाढव्य इमारत दिसते ती बघा, रॉयल वेल्श वेअरहाऊस, १८७९ ची. प्राइस जोन्स हा गावातलाच कापडवाला, त्याने घरोघरी कॅटलॉग पाठवून पोस्टाने नि रेल्वेने फ्लॅनेल विकायला सुरुवात केली, गिऱ्हाइकांत खुद्द राणी व्हिक्टोरिया! स्लीपिंग बॅगच्या पूर्वजाचं पेटंटही त्याचंच, १८७६ चं, हवेच्या उशीसकट, आणि हजारोंनी ती रशियन सैन्याला विकली. ऑनलाइन शॉपिंगवाल्यांनी त्याचा फोटो लावायला हवा खरं तर.

माझ्या सासूबाई तिथल्याच, त्यांची आजी त्या वेअरहाऊसमध्ये पार्सलं बांधायची. घरात आलेल्या पार्सलाची दोरी कात्रीने कापली की म्हातारी जाम चिडायची, गाठ नखाने सोडवायची, दोरी बोटांभोवती गुंडाळून ड्रॉवरमध्ये, सासूबाई अजूनही तेच करतात.

आणि पूर! १९६४ च्या डिसेंबरात सेव्हर्न नदी गावात घुसली तेव्हा गालिचे वरच्या मजल्यावर नेता नेता रात्र गेली म्हणतात. मग १९६७ ला नदीच्या वरच्या अंगाला क्लाइवेडॉगचं धरण झालं.

टेक्स्टाइल म्युझियम चुकवू नका, खाली विणकरांची खुराड्यासारखी घरं आणि वरच्या मजल्यांवर माग. पण ते बारमाही उघडं नसतं, वेळा बघून जा, आणि जमलं तर मंगळवारी, बाजार असतो.