मदत हवी आहे : क्रिप्टोस्पोरिडियम की यीस्ट?

नमस्कार मंडळी. लॅबमध्ये स्टूल मायक्रोस्कोपी (शौचाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) मी बघते. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीची फारशी अडचण येत नाही. पातळ नमुना अर्ध्या तासाच्या आत सलाइनमध्ये पाहिला की ट्रोफोझोइट (त्याची सक्रिय अवस्था) हलताना दिसतात, आणि आयोडीनमध्ये सिस्टही (कवचबंद अवस्था) ओळखू येतात. घोडं अडतं ते क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीपाशी.

जुलाब लांबलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांचे स्मिअर आम्ही मॉडिफाइड झील-नील्सन या रंगपद्धतीने रंगवतो. निळ्या पार्श्वभूमीवर ४ ते ६ मायक्रॉनचे गुलाबी-लाल गोल दिसतात. काहींच्या आत गडद ठिपके असतात, तिथे शंका उरत नाही. पण काही फिकट, एकसारखे गुलाबी असतात, आणि यीस्टही (एकपेशीय बुरशी) साधारण त्याच आकाराचं. कळी फुटलेली दिसली तर ठीक, नाहीतर नजर लावून बसावं लागतं. सायक्लोस्पोरा हा त्याच्यासारखाच दिसणारा परजीवी ८ ते १० मायक्रॉनचा, त्यामुळे तो आयपीस मायक्रोमीटरने वेगळा काढता येतो.

आमच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप किंवा पीसीआर नाही. तेव्हा विचारायचं होतं :

डिकलरायझेशनला (जादा रंग उतरवायला) तुम्ही आम्ल किती टक्के घेता आणि किती वेळ ठेवता? यीस्टचा रंग पुरता उतरावा आणि ऊसिस्टचा (क्रिप्टोस्पोरिडियमच्या कवचबंद अवस्थेचा) टिकावा, असा मेळ कुणाला बसलाय का? फॉर्मॉल-ईथरने नमुना सांद्र करताना सेंट्रिफ्यूजचा वेग कमी पडून ऊसिस्ट निसटतात, त्यासाठी तुम्ही काय करता? आणि अँटिजेनची रॅपिड कार्ड टेस्ट कुणी सोबत वापरत असेल, तर स्मिअरशी ती कितपत जुळते?

एचआयव्हीच्या रुग्णाच्या हातात चुकीचा रिपोर्ट जाऊ नये, म्हणून एवढं खोदून विचारतेय. स्लाइडचे फोटो असतील तर जरूर टाका.