मदत हवी आहे: साइझिंग डायमधून काढलेली पितळी पिन मायक्रोमीटरवर ५.०० मिमी भरते, तरी ५.०१ मिमीच्या बुशमध्ये अडकते

पितळखोर:
नमस्कार मंडळी. छोट्या मॉडेल इंजिनासाठी ३० मिमी लांबीच्या पितळी पिना हव्या आहेत. मिळालेली सळी ५.०४ च्या आसपास आहे, सगळीकडे सारखीही नाही. प्रत्येक पिन कांतत बसण्यापेक्षा घरीच साइझिंग डाय केली, म्हणजे कडक पोलादाची रिंग. एका बाजूने पिन घालायची, आर्बर प्रेसने दाबून दुसऱ्या बाजूने काढायची.

डाय ओएचएनएसची, म्हणजे तेलात विझवून कडक होणाऱ्या टूल स्टीलची. लेथवर ४.८ चं ड्रिल, मग टेलस्टॉकमधून ५ मिमीचा सहा धारांचा हँड रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार). तोंडाला उतार दिला, पाणी दिलं (लाल तापवून विझवलं, कडक केलं), टेम्पर केलं (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा थोडं तापवलं), आतून काडीला पॉलिश पेपर गुंडाळून चमकवलं. पिना सुंदर निघतात, आरशासारख्या. मायक्रोमीटरवर कुठूनही, कशीही फिरवून मोजा, ५.०० च्या पुढे-मागे दोन मायक्रॉन. पण बुशमध्ये, म्हणजे पिन बसायच्या भोकाच्या नळीत, जात नाहीत! बुश चोख आहे, ५.०१ ची गेज पिन (भोक तपासायची अचूक मापाची पिन) त्यातून अलगद घसरते. मग ५.०० ची पिन का अडकावी?

शंकासुर:
पिन वाकत असेल. प्रेसचा दांडा सरळ नसला की पिन किंचित केळ्यासारखी होते, आणि मायक्रोमीटरला ते कळत नाही. दुसरं म्हणजे पितळ डायमधून सुटल्यावर थोडं फुगतं, त्याचा विचार केला का?

पितळखोर:
फुगणं मान्य, पण मी मोजतोय ती फुगून झालेलीच पिन. वाकण्याची शंका मलाही होती, म्हणून एका पिनेचा ६ मिमीचा तुकडा कापला, कडा मोडल्या आणि तो घालून पाहिला. तोही अडकतो. एवढ्याशा तुकड्यात वाक कितीसा असणार?

लेथकर:
तुकडा कापून पाहिलात ते बरं केलं, अर्धं काम तिथेच झालं. तुमची पिन गोल नाहीये. तिला तीन फुगवटे आहेत, म्हणजे कोपरे झिजलेला त्रिकोण समजा. अशा आकारात एका फुगवट्याच्या बरोबर समोर सपाटी येते, त्यामुळे समोरासमोरचं माप कुठूनही घेतलं तरी तेवढंच भरतं. मायक्रोमीटर दोनच टोकांवर टेकतो, त्याला हे दिसणारच नाही. बुशला मात्र तिन्ही फुगवटे एकदम लागतात.

तपासायचं असेल तर ९० अंशाच्या व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात) पिन ठेवा, वरून डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) टेकवा आणि पिन हळूहळू फिरवा. एका फेऱ्यात काटा तीनदा वर-खाली झाला तर तीन फुगवटे. पाचदा झाला तर पाच. सात असतील तर मात्र ९० चा ब्लॉक फसवतो, काटा जागचा हलत नाही.

पितळखोर:
लेथकर, आत्ताच करून आलो. काटा तीनदा हलतो, पूर्ण फरक ०.०३ मिमी! मायक्रोमीटरवर दोन मायक्रॉन आणि इथे तीस?

लेथकर:
९० च्या व्ही-ब्लॉकमध्ये तीन फुगवट्यांचा फरक दुप्पट दिसतो. म्हणजे खरा फरक ०.०१५. फुगवट्यांना बाहेरून टेकणारं वर्तुळ काढलं तर ते ५.०१५ चं होतं. आता तेच ५.०१ च्या भोकात घालून बघा म्हणजे झालं.

दोष डायच्या भोकाचा. ड्रिलला दोन धारा असतात आणि ते टोकाला जरा जरी डगमगलं तरी भोक तीन अंगांनी फुगतं. रीमर काही नवीन भोक पाडत नाही, आधीच्या भोकाचा माग धरून जातो. त्यात सम धारांचा रीमर असला की विषम फुगवटे द्यायची त्याची खोड वेगळीच. पॉलिश पेपरची काडी तर लवचीक, ती खळग्यातही घासते आणि उंचवट्यावरही. चकाकी येते, गोलाई येत नाही.

निवृत्त फिटर:
लेथकरांचं निदान पटलं. उपाय मी सांगतो. पाचच्या भोकाला बोरिंग बार (भोक आतून कांतायचा दांडा) फार बारीक लागतो, तो लवतो. त्यापेक्षा सिल्व्हर स्टीलच्या (नावात चांदी, पण असतं टूल स्टीलच) सळीचं डी-बिट करा. सळी अर्ध्यापर्यंत घासायची, पण बरोबर निम्मी नाही, निम्म्याहून केसभर जास्त ठेवायची. धार एकच आणि मागची गोल पाठ भोकाला टेकलेली, त्यामुळे ते डगमगत नाही. सुरुवातीचे चार-पाच मिमी मात्र छोट्या बोरिंग टूलने खरे गोल आणि अक्षावर करून घ्या, म्हणजे डी-बिटला धरायला जागा मिळते. तेल भरपूर, कीस काढायला वारंवार बाहेर घ्या.

भोक ४.९७ च्या आसपास ठेवा. पाणी दिल्यावर ते वाढेल की घटेल याची खात्री नसते, म्हणून शेवटचं माप लॅपिंगनेच, म्हणजे मऊ धातूच्या दांड्यावर (लॅपवर) घासणारी पेस्ट लावून घासूनच आणायचं. लॅप पितळेचा किंवा तांब्याचा, मधोमध चिरलेला, आत निमुळता स्क्रू घालून फुगवता येणारा, आणि भोकापेक्षा चांगला लांब. लॅप चकमध्ये धरायचा आणि डाय हातात सैल. डाय पकडीत आवळू नका, तिला लॅपवर आपली आपण बसू द्या आणि मधूनमधून उलटी करा. पेस्ट अगदी थोडी. जास्त झाली की ती तोंडाशी गोळा होते आणि भोक दोन्ही टोकांना कर्ण्यासारखं फाकतं.

आणि भोक मोजायच्या फंदात पडू नका. थोडं लॅप करा, डाय धुवा, एक पिन काढा, पिन मोजा. पितळ फुगतं त्याचा हिशोब आपोआप होतो.

शंकासुर:
मग आत्ताची डाय वाया? तीच लॅप करून गोल नाही का होणार?

निवृत्त फिटर:
होईल, पण ५.०१५ च्या पुढे गेल्यावर. ती ५.०२ पर्यंत नेऊन पहिल्या टप्प्याला ठेवा. जाड सळी आधी तिच्यातून, मग नव्या डायमधून. दुसऱ्या डायवर ताण कमी येतो आणि पितळ चिकटून ओरखडे पडायची भीतीही कमी.

पितळखोर:
दोघांचे मनापासून आभार. डी-बिटला लागतो. शेवटचं एक विचारतो: भट्टी नाही, गॅस टॉर्च आहे. तापमान कसं ओळखू? आणि थोड्याच पिना काढायच्या तर पाणी दिलंच पाहिजे का?

लेथकर:
थोड्या पिनांना न देताही चालेल, पण ओएचएनएस मऊ ठेवलं तर एखादा कण अडकून ओरखडा पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक पिनेवर उमटतो. मी तरी देईन. लोहचुंबक चिकटायचा थांबला की अजून थोडं वर न्या, साधारण ८०० अंश. उजेड कमी ठेवा म्हणजे रंग नीट दिसतो. काही मिनिटं तो रंग धरून ठेवा आणि मग तेलात, डाय उभी धरून, भोकातून तेल वाहील अशी. तेलाचं भांडं धातूचं, झाकण हाताशी, आणि हे घराबाहेरच करा. नंतर लगेच टेम्पर. बाहेरची बाजू घासून चकचकीत करा आणि फिकट गवती रंग येईपर्यंत तापवा, २०० ते २२० अंशांच्या दरम्यान. घरच्या ओव्हनमध्ये २०० वर तासभर ठेवलीत तर टॉर्चपेक्षा एकसारखी होईल. भोकात खपली धरू नये म्हणून तापवण्याआधी बोरिक पावडरचा लेप लावा, नाहीतर लॅपिंगचा निम्मा वेळ ती खरवडण्यातच जाईल.