मदत हवी आहे : टॉन्सिलमधील खडे पुन्हा पुन्हा होतात, कायमचा उपाय कोणता?

केतकीचे_पान : गेले आठ महिने माझ्या घशातून पांढरट-पिवळे, अतिशय दुर्गंधी येणारे खडे बाहेर पडत आहेत. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, माउथवॉश बदलला, प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा कोर्सही पूर्ण केला. तो चालू असेपर्यंत दुर्गंधी नव्हती, दोन आठवड्यांत ती परत आली. दंतवैद्यांनी दात व हिरड्या निर्दोष असल्याचे सांगितले आहे. मी शाळेत शिकवते, आणि मुलांच्या वहीवर वाकून बोलताना आता तोंडावर हात धरते. केवळ 'भरपूर पाणी प्या' असे कृपया सांगू नये.

घाटमाथा : वय काय? खडे एकाच बाजूला होतात की दोन्ही? तुम्ही ते कसे काढता? कान दुखतो का? तंबाखूचे सेवन आहे का? हे कळल्याशिवाय उत्तर देणे योग्य होणार नाही.

सोनकी : खडा म्हणजे कॅल्शियम. माझ्या यजमानांना मूतखडा होता, तेव्हा आम्ही दूध बंद केले होते. तुम्हीही दूध-दही महिनाभर सोडून पाहा.

रानवारा : सोनकीताई, या खड्यांचा मूतखड्याशी संबंध नाही, आणि दूध सोडल्याने ते थांबत नाहीत. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. त्यांत मृत पेशी, अन्नकण, शेंबूड आणि जंतू अडकतात व कालांतराने त्या गाळावर क्षार बसून तो कडक होतो. आतल्या भागात प्राणवायू पोहोचत नसल्याने तेथे वाढणारे जंतू गंधकयुक्त वायू सोडतात, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रतिजैविकांनी जंतू कमी होतात, पण खाच तशीच राहते आणि पुन्हा भरते. तुमच्या बाबतीत हेच झालेले दिसते.

केतकीचे_पान : वय ३१, तंबाखू नाही. खडे बहुतेक उजव्या बाजूलाच होतात. मी ते केसांच्या पिनेने काढते. मागच्या आठवड्यात थोडे रक्त आले होते आणि तेव्हापासून उजवा कानही दुखतो, पण त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नाही म्हणून लिहिले नव्हते.

घाटमाथा : पिन आजच बंद करा, ही कळकळीची विनंती आहे. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो. टॉन्सिल व मधला कान यांना संवेदना पुरवणारी एक नस समाईक आहे, त्यामुळे घशातील दुखणे कानात जाणवते. तरीही रक्त, एका बाजूचे दुखणे आणि कानदुखी हे तिन्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांना सांगाच. एकच टॉन्सिल मोठा दिसत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

अबोली१२ : माझा सात वर्षांचा मुलगा रात्री घोरतो आणि तोंडाने श्वास घेतो. त्याचे टॉन्सिल काढावेत का?

रानवारा : अबोलीताई, त्यासाठी कृपया वेगळा धागा काढा, मुलांच्या घोरण्याची तपासणी वेगळी असते.

मुक्तछंद : मी चौतिसाव्या वर्षी टॉन्सिल काढून घेतले. त्यानंतर एकही खडा झालेला नाही. कायमचा उपाय हाच आहे, बाकी सर्व चालढकल आहे.

रानवारा : चालढकल म्हणणे मला पटत नाही. प्रौढांना या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे गिळताना चांगलेच दुखते. रक्तस्रावाचा धोका पहिल्या २४ तासांत असतो, आणि खपली सुटते तेव्हा, साधारण ५ ते १० दिवसांनी, पुन्हा असतो. मला स्वतःला जेवणानंतर जोरदार गुळण्या आणि कमी दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने पुरेसा उतार पडला. नाकातून घशात सर्दी उतरत होती, तिच्यावरही उपचार घ्यावे लागले.

मुक्तछंद : तो त्रास मीही भोगला आहे. आठवा दिवस सर्वांत वाईट होता. पण दोन वर्षे गुळण्यांवर काढल्यानंतर मला तो निर्णय योग्यच वाटतो.

घाटमाथा : टॉन्सिल न काढता खाचांची तोंडे सपाट करण्याची पद्धतही काही ठिकाणी उपलब्ध आहे. तिच्याविषयीही विचारून घ्या, मात्र काही खाचा नंतर पुन्हा भरू शकतात.

केतकीचे_पान : विजेरीच्या प्रकाशात आरशात पाहिले, उजवा टॉन्सिल डाव्यापेक्षा किंचित मोठा वाटतो. उद्या सकाळी पहिल्या दोन तासिकांची रजा घेऊन तज्ज्ञांकडे जात आहे. पिन फेकून दिली आहे. काय सांगतात ते येथेच लिहीन.