मदत हवी आहे: स्क्रीनवर बघून फोटो काढताना फोकस लागत नाही, शनिवारी जत्रा!

कुळीथपिठी
लाइव्ह व्ह्यू लावून बटण अर्धं दाबलं की लेन्स घर्र घर्र करत पुढेमागे जाते. चौकोन हिरवा होईस्तोवर नट रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. दुकानदार म्हणतो मोटर गेली, दुरुस्तीला टाका. शनिवारी गावची जत्रा, रात्री दहीकालो म्हणजे दशावतारी नाटक. कोणती सेटिंग बदलू? जरा लवकर सांगा.

खाडीकाठ
आधी कॅमेरो खंयचो तां सांग मरे. आमी काय घाडी आसंव, तांदूळ टाकून सांगूक?

कुळीथपिठी
कॅनन.

जुनाजाणता
कॅननचं कुठलं मॉडेल? लेन्स कुठली? आणि डोळा लावून बघितलं तर फोकस लागतो का?

कुळीथपिठी
६००डी, सोबत आलेली १८-५५. डोळा लावला तर झटकन लागतो. पण मला स्क्रीनवरूनच हवाय, म्हणून तर विचारतोय.

सुरमई_फ्राय
लेन्सला बुरशी आली असणार. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना येते, लेन्स काय चीज. मी माझी तांदळाच्या डब्यात ठेवतो.

जुनाजाणता
तांदळाचा भुसा लेन्सच्या रिंगमध्ये जातो, कृपा करून हा सल्ला देऊ नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बस्स. आणि बुरशीने चित्र धुरकट दिसतं, लेन्स पुढेमागे नाचत नाही.

कुळीथपिठी, डोळा लावून झटकन लागतो ना? मग मोटर ठणठणीत आहे, दुरुस्तीला पैसे घालू नका. डोळा लावता तेव्हा आरशातून थोडा उजेड खाली वेगळ्या फोकस सेन्सरवर जातो. लेन्स कुठल्या बाजूला आणि किती फिरवायची हे त्याला एका नजरेत कळतं. लाइव्ह व्ह्यूत आरसा वर उचललेला असतो, त्या सेन्सरला उजेडच मिळत नाही. मग कॅमेरा मुख्य सेन्सरवरच्या चित्राची कड किती ठळक झाली ते बघत लेन्स सरकवत राहतो. फाटा मागे पडल्याशिवाय फाटा आला होता हे ज्याला कळत नाही अशा ड्रायव्हरसारखं, पुढे जाऊन रिव्हर्स घेणं आलंच. त्या काळचे बहुतेक एसएलआर, म्हणजे आरशाचे कॅमेरे, असेच.

घाटावरचा
२०११ चा कॅमेरा कशाला कवटाळून बसायचं? नवा १५००डी घ्या, प्रश्न मिटला.

जुनाजाणता
मिटला कसा? १५००डी २०१८ चा असला तरी लाइव्ह व्ह्यूत त्याचंही हेच रडगाणं. मुख्य सेन्सरलाच लेन्स कुठे फिरवायची ते कळतं, असा ड्युअल पिक्सेल फोकस कॅननने आणला तो ७०डी मध्ये, २०१३ साली. लहान कॅमेऱ्यांत २००डी ला तो २०१७ मध्ये मिळाला. घ्यायचाच तर जुना ७०डी बघा, नुसतं साल बघून घेऊ नका.

घाटावरचा
मग मिररलेस, बिनआरशाचा कॅमेरा. एसएलआरचा जमाना संपला आता.

खाडीकाठ
शनिवारच्या जत्रेक मिररलेस तू देतलस?

पण काय रे पिठी, डोळा लावून काढूक काय होता?

कुळीथपिठी
पुढे सगळे बसलेले, त्यामागे उभ्यांची भिंत. कॅमेरा डोक्यावर धरून, स्क्रीन खाली वळवून काढावं लागतं. हे सांगायची काय गरज?

जुनाजाणता
गरज होती. लाइव्ह व्ह्यू चालू असताना क्यू बटण दाबा, फोकसची पद्धत 'क्विक मोड' करा. आरसा क्षणभर खाली येतो, तो वेगळा फोकस सेन्सर फोकस घेतो, आरसा परत वर जातो. नऊ फोकस बिंदूंपैकी मधला निवडा, उभ्या-आडव्या दोन्ही कडा धरणारा (क्रॉस) तोच आहे. फ्लॅश उघडा ठेवू नका, नाहीतर अंधारात फोकससाठी तो चमकत राहील आणि पेटीवाला शिव्या घालेल.

खाडीकाठ
त्यापरीस फोकस हातान लाव. स्क्रीनवर भिंगाचा बटण दाबून १० पट मोठा कर, रिंग फिरव. नट माईककडे येऊन बोलता तेव्हा तितक्याच अंतरावर आसता. मी सगळे नाटकां अशीच काढतंय.

जुनाजाणता
कॅमेरा डोक्यावर धरून १० पट मोठं केलं की चित्र इतकं हलतं की काही दिसत नाही. ट्रायपॉड असेल तर खाडीकाठ म्हणतात ते उत्तम.

खाडीकाठ
हात थरथरता तेका मी काय करू?

किनारा७
जत्रेचा विषय निघालाच आहे तर, पुढच्या महिन्यात तारकर्लीला कुटुंबासह यायचंय. समुद्राजवळ घरगुती जेवण कुठे मिळेल?

कुळीथपिठी
क्विक मोड लागला! पण मधेच स्क्रीन काळी होते. ही काय नवीन भानगड? आणि नाटकातल्या शंकासुराचं काय? गेल्या जत्रेत त्याच्यावर अजिबात लागला नव्हता.

जुनाजाणता
स्क्रीन काळी होते तेव्हा आरसा खाली असतो, बिघाड नाही. शंकासुर अंगभर काळा, दोन्ही पद्धतींना कपड्यावर धरायला काही सापडत नाही. त्याचा खांदा मागच्या पडद्याला भिडतो त्या कडेवर बिंदू ठेवा. मुकुट घातलेली पात्रं सोपी, मुकुटाची चकचकीत कड लगेच पकडते.

कुळीथपिठी
व्हिडिओ काढतानाही क्विक मोड चालेल ना?

जुनाजाणता
नाही. व्हिडिओ चालू असताना आरसा खाली येऊच शकत नाही, कॅमेरा परत कड बघत लेन्स सरकवण्यावर जाईल. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोकस लावा, लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस) सरकवा आणि मग हात लावू नका.

सुरमई_फ्राय
सिलिका जेल मालवणात कुठे मिळतं?