विषय: डिसेंबरात तोरणमाळ, गरम जॅकेट आणि बॅटरीचा हिशोब

प्रेषक: टोरांटो (मूळ गाव यावल)

सर्वांना नमस्कार,

डिसेंबरात तीन आठवडे घरी जातोय. धाकट्या भावाची साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन यावल, चोपडा, शिरपूर, शहादा आणि वर तोरणमाळ असा बेत आहे. पहाटे पाचला निघायचं, म्हणजे उजाडेपर्यंत शिरपूर मागे पडेल.

इथे मी बारा व्होल्टवर चालणारं गरम जॅकेट आणि हातमोजे वापरतो. माझी इथली गाडी मोठी टूरिंगची आहे, त्यामुळे कधी विचारच करावा लागला नाही. प्लग लावला की झालं. तिकडे तेच सामान भावाच्या गाडीला जोडता येईल का? जॅकेटवर ७७ वॅट लिहिलंय, हातमोज्यांवर २७. बुटात घालायचे गरम तळवेही आहेत. बायको म्हणते, खान्देशात कसली थंडी! पण तापीकाठची पहाट मी लहानपणी दूध पोचवताना अनुभवली आहे. धुळ्याचे दादा, तुम्ही हे केलंय असं ऐकलं. सांगाल का?

प्रेषक: धुळे (पूर्वी मिसिसागा)

भाऊ,

थंडीबद्दल तुझं बरोबर आहे. धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत सहा-सातवर उतरतो, आणि सातपुड्यात दाबसारख्या गावांत दव गोठल्याच्या बातम्या येतात. त्यात साठ-सत्तरच्या वेगाचा वारा. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो, म्हणून मी हा विषय हौसेचा मानत नाही.

आता गाडीचं. कॉईल प्लेट, म्हणजे इंजिन फिरताना वीज तयार करणारा भाग, किती वॅटची आहे ते गाडीच्या पुस्तिकेत बघ. माझ्या गाडीची २२० वॅटची आहे, पण तो आकडा ५००० आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरतं तेव्हाचा. तिथेच माणूस फसतो. निवांत चालताना, घाटात अडकल्यावर, बाजारात रांगताना इंजिन तेवढं फिरतच नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, माझी गाडी जेमतेम १२० वॅट देते. आणि गाडीचा स्वतःचा खर्च? एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालूच असतो, तो ५५. मागचा दिवा आणि मीटर धरून १०. पेट्रोल पंप, इग्निशन आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिळून साधारण ६५. झाले १३०. म्हणजे आयडलला गाडी आधीच थोडी बॅटरीतून खाते, आणि पूर्ण फिरली तर उरतात ९०. तुझं जॅकेट आणि हातमोजे मिळून १०४. पूर्ण फिरत्या इंजिनावरसुद्धा दोन्ही फुल्ल चालणार नाहीत.

हे मी कागदावर शिकलो नाही. दत्तजयंतीच्या सुमारास दोंडाईच्याहून सारंगखेड्याकडे येत होतो. यात्रेचे दिवस, घोड्यांचे ट्रक, तापीच्या पुलाआधी मोठी रांग. धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. जॅकेट आणि हातमोजे दोन्ही फुल्ल, गाडी आयडलला, आणि मी पंचवीस मिनिटं तसाच उभा. मग वाटलं, पेट्रोल वाचवावं, म्हणून इंजिन बंद केलं. परत सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. हिशोब नंतर केला: साधारण ११५ वॅटची तूट, म्हणजे नऊ अँपिअर. पंचवीस मिनिटांत पावणेचार अँपिअर-तास गेले, आणि बॅटरी फक्त आठची, तीही चार वर्षांची. शेजारून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने हाक मारली, "कथा जाई राहना भाऊ?" (कुठे चाललास भाऊ?) त्याने ढकलायला हात लावला, पण पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी इतकी बसली की पंपालाच प्रेशर येत नाही. जुनी कार्बोरेटरची असती तर चालू झाली असती. शेवटी त्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर लावली.

म्हणून माझं ऐक, तळवे तिथेच ठेव. जॅकेट आणि हातमोजे आण, पण सोबत कंट्रोलर हवाच, आणि तो वीज सेकंदात अनेकदा चालू-बंद करणारा हवा. अर्ध्यावर ठेवला की खर्चही खरंच अर्धा होतो, ५२ वॅट. तेवढं चालत्या गाडीला पेलतं. हातमोजे आधी, जॅकेट नंतर. रांगेत थांबलास की दोन्ही बंद. इंजिन बंद करायच्या आधी तर नक्कीच.

जोडणी थेट बॅटरीवरून, हेडलाइटच्या वायरीत अडकवून नाही. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, दीड चौरस मिलिमीटरची वायर, आणि मध्ये इग्निशनवर चालणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच), म्हणजे चावी काढली की सगळं बंद. मोबाईल चार्जरच्या सॉकेटला हे लावायचा विचारही करू नकोस, त्याचा फ्यूज दोन-तीन अँपिअरचाच असतो. बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट करून घे. कॉईल प्लेटच्या तीन वायरींचा कनेक्टर सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे असतो, बऱ्याच गाड्यांत त्या पिवळ्या असतात. तो काळवंडला असेल तर आधी बदल. भार वाढला की तोच पहिला वितळतो.

भावाला आताच एक काम सांग. मल्टिमीटर घेऊन बॅटरीवर माप घ्यायचं. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या वर हवं. ३००० आरपीएमला १३.८ ते १४.५. मग जुन्या हेडलाइटचा ६०/५५ चा बल्ब जास्तीचा भार म्हणून बॅटरीला जोडायचा. दोन्ही फिलामेंट पेटवली की ११५ वॅट, तुझ्या सामानापेक्षा थोडं जास्तच. एकच पेटवलं की तुझ्या अर्ध्या भाराइतकं. बल्ब चटका देतो, फरशीवर ठेवायचा. ३००० ला माप १३.२ च्या खाली आलं तर तेवढा भार त्या गाडीला झेपत नाही असं मी धरतो. १२.८ च्या खाली म्हणजे बॅटरीच खर्च भरतेय.

आणि वीज न लागणारे उपाय विसरू नकोस. आपल्याकडचे दूधवाले हँडलला रेक्झिनची कव्हरं लावतात. मी लावली तेव्हापासून हातमोजे पाव ताकदीवर पुरतात. जॅकेट आतल्या एका पातळ कपड्यावर घट्ट बसलं पाहिजे, आणि त्यावर वारा अडवणारं काहीतरी. दहानंतर ऊन चढतं, तेव्हा सगळं बॅगेत.

प्रेषक: ओटावा (माहेर नंदुरबार)

नमस्कार,

दादा, एक भर. माझ्या मुलाकडे ७.४ व्होल्टची, स्वतःच्या लिथियम बॅटरीवर चालणारी बनियन आहे. गाडीवर भारच नाही. पण विमानात सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॅट-तासांच्या आत असली तर परवानगी लागत नाही. टोरांटोच्या दादांनी हाही पर्याय बघावा. शहाद्यानंतर सातपायरी घाट आहे, वळणावळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. पहाटे तिथे धुकं असतं. बॅटरीच्या भरवशावर अंधारात चढू नका, थोडं उजाडू द्या.

प्रेषक: टोरांटो (मूळ गाव यावल)

दादा, ताई, मनापासून आभार.

भावाने काल माप घेतलं. इंजिन बंद असताना १२.५. सुरू करून ३००० ला १४.०. एक फिलामेंट पेटवल्यावर १३.४. दोन्ही पेटवल्यावर १२.७, आणि हळूहळू खालीच जात होतं. तुमचा अंदाज तंतोतंत निघाला. अर्ध्यावर चालेल, पूर्ण नाही. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सैल होता, तो घट्ट केला. पिवळ्या वायरींचा कनेक्टर एका बाजूने तपकिरी झालेला दिसला, तो बदलायला गाडी गॅरेजात दिली आहे. बॅटरी तीन वर्षांची आहे, नवीन घ्यायला सांगितली.

तळवे इथेच ठेवतो. कंट्रोलर घेतला, दोन वेगळ्या बटणांचा, जॅकेट आणि हातमोजे स्वतंत्र. ताई, घाटाआधी शहाद्यात चहा घेऊन उजाडायची वाट बघेन.

दादा, परतीच्या दिवशी दुपारी धुळ्यात येतो. भरिताची वांगी यावलहून आणतो, कळण्याच्या भाकरीचं वहिनींना सांगून ठेवा. दूधवाल्यांची ती हँडलची कव्हरं धुळ्यात कुठे मिळतात तेवढं कळवा.