1851 च्या बंडाआधीचा एक कायदा
फ्रान्सचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन याने सगळी सत्ता हाती घेण्यासाठी 2 डिसेंबर 1851 रोजी केलेले बंड निव्वळ लष्कराच्या बळावर तडीस गेले, हे मत मला अपुरे वाटते. राष्ट्रीय सभेनेच, म्हणजे फ्रान्सच्या संसदेनेच, 31 मे 1850 च्या कायद्याने मतदारासाठी 3 वर्षांच्या सलग वास्तव्याची अट घातली आणि त्याचा पुरावा मुख्यतः करनोंदवहीतून मागितला, त्यामुळे कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या मजुरांसह सुमारे 30 लाख पुरुषांची नावे यादीतून गळाली. (सभेतले पुराणमतवादी नेते तियेर यांनी तर अशा लोकांसाठी भर सभागृहात 'नीच जमाव' असे शब्द वापरले होते.) बंडाच्या पहाटे पॅरिसच्या भिंतींवर लागलेल्या लुई नेपोलियनच्या फर्मानात सभा बरखास्त केल्याची आणि सार्वत्रिक मताधिकार पुन्हा बहाल केल्याची घोषणा शेजारी शेजारी होती. मग त्या सभेसाठी पॅरिसचे बहुसंख्य कामगार रस्त्यावर उतरले नाहीत, यात नवल ते काय! दक्षिणेतल्या प्रांतांत मात्र सशस्त्र उठाव झाले.