पालापाचोळा, होळी आणि आपले आवार

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या भिंतीलगत पालापाचोळा जाळला जात असल्याची तक्रार आली आहे. होळीही जवळ आल्याने दोन्ही विषयांवर आपले म्हणणे येथे मांडावे, ही विनंती.

ए-२०२ : सध्या पानगळ इतकी आहे की माळीकाका रोज पोती भरतात आणि कचऱ्याची गाडी ती दर वेळी नेतेच असे नाही. आपल्याच आवारात आपलाच पाला जाळण्यास हरकत कोणती, हे कृपया सांगावे.

सी-५०१ : हरकत कायद्याची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि त्यासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. मला मात्र दंडापेक्षा धुराची काळजी अधिक वाटते. ओलसर पाला भडकत नाही, तो तासन्‌तास धुमसत राहतो, आणि गार सकाळी जमिनीलगतची हवा वर सरकत नसल्याने तो धूर तळमजल्यावरील घरांत शिरतो, जिथे दम्याचे रुग्ण आणि तान्ही बाळे आहेत. त्या ढिगात वेफर्सची पाकिटेही असतात. शिवाय भिंतीजवळच्या शिरीषाचे खोड वरून नुसते काळवंडलेले दिसले, तरी सालीखालचा जिवंत थर उष्णतेने मरतो.

ए-२०२ : पटले. मग पाल्याचे करायचे काय?

बी-१०३ : जाळीचा एक मोठा पिंजरा करून त्यात पाला दाबून भरावा, अधूनमधून पाणी व शेणकाला शिंपडावा, काही महिन्यांत बागेपुरते खत होते. माहेरच्या वाडीत आम्ही हेच करत असू.

सी-५०१ : उत्तम. आता होळीविषयी. ती अवश्य पेटवू या, पण लहान. जागा अशी हवी की वर तारा किंवा फांद्या नसतील आणि वाहने, गॅसची पाइपलाइन व विजेची पेटी दूर असेल. फरशीवर थेट न रचता खाली मातीचा जाड थर द्यावा. गोवऱ्या आणि वाळके लाकूड पुरे. रंग दिलेले प्लायवूड, टायर, प्लास्टिक काहीही नको. पेट्रोल किंवा रॉकेल तर कोणीही ओतू नये, कारण पेट्रोलची वाफ ज्वाळेआधीच पसरलेली असते आणि काडी ओढताच ओतणाऱ्याच्या अंगावर भडका येतो. बागेच्या नळाला पाइप जोडून ठेवावा, वाळूच्या बादल्या जवळ असाव्यात, मुलांना सुती कपडे घालावेत आणि वारा सुटला तर पेटवणे लांबवावे. कोणाला भाजलेच, तर त्या जागी वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. मोठी आग लागल्यास १०१ वर कळवावे.

डी-४०४ : रात्री निखारे तसेच सोडून सगळे घरी जातात, त्याचे काय?

सी-५०१ : तेच सर्वांत धोक्याचे आहे. राखेखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. पाणी ओतावे, फावड्याने उलथावे, पुन्हा पाणी ओतावे, आणि धग पूर्ण जाईपर्यंत दोघांनी तेथेच थांबावे.

सचिव : थांबणाऱ्या दोघांनी आज रात्रीपर्यंत नावे द्यावीत. पिंजऱ्याची जाळी या आठवड्यात आणवते, आणि पाला न जाळण्याविषयी माळीकाकांशी उद्या सकाळी मी स्वतः बोलते.